सायन्समध्ये सी आला, आता काय? अमेरिकेतल्या प्री-मेड विद्यार्थ्यांसाठी

अमेरिकेत बारावी झाली की थेट मेडिकल, असं सहसा होत नाही. आधी चार वर्षांची पदवी, मग एमकॅट ही परीक्षा, मग अर्ज. या चार वर्षांत ज्यांचा डोळा मेडिकलवर असतो ते प्री-मेड. ही काही वेगळी पदवी नव्हे; इतिहासात मेजर करूनही, म्हणजे तो मुख्य विषय घेऊनही, प्री-मेड असता येतं. मात्र ठरावीक सायन्स कोणालाच सुटत नाही: जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक, बायॉलॉजी, फिजिक्स ही साधारण एकेक वर्ष आणि तीही लॅबसकट, वर बायोकेमिस्ट्रीचं एक सेमिस्टर, बहुतेक ठिकाणी गणित किंवा स्टॅटिस्टिक्स.

आपल्याकडे नीट बिघडली तर पुढच्या वर्षी नव्याने बसता येतं, जुने मार्क कोणी विचारत नाही. तिथे पाटी पुसली जात नाही. पहिल्या सेमिस्टरचा सी तीन-चार वर्षांनी अर्जात जसाच्या तसा दिसतो. म्हणून मुलं धास्तावतात आणि भरपाई करायच्या नादात पुढच्या टर्मला जास्तीचा जड विषय घेतात, किंवा उन्हाळ्याच्या सहा आठवड्यांत ऑरगॅनिक उरकायला जातात. एका सीने सहसा कोणाचं मेडिकल जात नाही. या घाईने जातं.

तो मार्क खरंच वाईट आहे का?

५४ म्हटल्यावर घरात सुतक पडतं. पण केमिस्ट्रीच्या मोठ्या वर्गांत सरासरीच ४९ असू शकते, आणि कर्व्ह लागल्यावर, म्हणजे वर्गाच्या सरासरीवरून ग्रेड ठरवल्यावर, ५४ चा बी होतो. सिलॅबसमध्ये ग्रेड कशी ठरते ते शोधा: ठरावीक टक्केवारीवर, की वर्गाच्या सरासरीवर. प्राध्यापकाने सरासरी आणि स्टँडर्ड डिव्हिएशन सांगितलं असेल तर आपण सरासरीच्या किती वर किंवा खाली आहोत ते पाहा. कर्व्ह नसेल, टक्केवारी पक्की असेल, तर ५४ म्हणजे ५४च.

सेमिस्टर चालू असेल तर आधी कॅलेंडर

युनिव्हर्सिटीच्या वेबसाइटवर ॲकॅडेमिक कॅलेंडर असतं. त्यातल्या दोन तारखा लिहून ठेवा. पहिली ॲड-ड्रॉपची, साधारण पहिल्या एक-दोन आठवड्यांतली. तोवर कोर्स सोडला तर ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे कॉलेजच्या गुणपत्रकावर, खूणही राहत नाही. दुसरी विथड्रॉवलची, १५ आठवड्यांच्या सेमिस्टरमध्ये बऱ्याच ठिकाणी दहाव्या आठवड्याच्या आसपास. तोवर सोडला तर ग्रेडच्या जागी डब्ल्यू येतो. तो जीपीएत, म्हणजे ४ पैकी मोजतात त्या ग्रेडच्या सरासरीत, धरत नाहीत. त्या तारखेनंतर जे पडेल ते पदरात.

सोडायचा की नाही हे मनाला विचारू नका, हिशेब करा. समजा तीन मिडटर्म २०-२० टक्क्यांच्या, फायनल ३० टक्के, होमवर्क १० टक्के. नवव्या आठवड्यात दोन मिडटर्म झाल्यात: ५२ आणि ५८. होमवर्कला ९५. म्हणजे हातात १०.४ अधिक ११.६ अधिक ९.५, एकूण ३१.५. अजून ५० टक्के बाकी. बीसाठी ८० हवेत, म्हणजे उरलेल्या ५० पैकी ४८.५, थोडक्यात पुढच्या दोन्ही पेपरांत ९७ टक्के. सीसाठी ७० हवेत, म्हणजे ७७ टक्के. आतापर्यंत पन्नाशीत असलेल्याने हे आकडे पाहून स्वतःला खरं उत्तर द्यावं. ‘फायनलला कव्हर करतो’ हे प्री-मेडमधलं सगळ्यात महागडं वाक्य आहे.

एखादा डब्ल्यू कोणी मनावर घेत नाही. चार-पाच डब्ल्यू झाले, तेही सगळे सायन्समध्ये, की जड झालं की पळतो असा अर्थ निघतो. आणि सही करण्याआधी तीन गोष्टी तपासा.

लॅब आणि लेक्चर जोडलेले असतात का? एक सोडलं की दुसरंही जाऊ शकतं.

फायनान्शियल एड किंवा स्कॉलरशिप असेल तर घेतलेल्या क्रेडिटांपैकी साधारण दोन तृतीयांश पूर्ण करावे लागतात, डब्ल्यू त्यात ‘पूर्ण न झालेला’ धरतात. काही स्कॉलरशिपांना सेमिस्टरला १५ क्रेडिट लागतात.

आणि व्हिसा. एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, असाल तर सेमिस्टरला किमान १२ क्रेडिट हवेतच. कोर्स सोडून ११ वर आलात आणि आधी इंटरनॅशनल ऑफिसातल्या डीएसओची (परदेशी विद्यार्थ्यांचं स्टेटस सांभाळणारा अधिकारी) परवानगी घेतली नसेल, तर स्टेटस जातं. नंतर माफी मागून भागत नाही. अभ्यासाच्या अडचणीमुळे कमी क्रेडिटची सवलत मिळते, पण तिला ठरावीक कारणं लागतात (इंग्रजी वा वाचनाची सुरुवातीची अडचण, अमेरिकन शिकवण्याची सवय नसणं, चुकीच्या पातळीच्या कोर्सला बसवलं जाणं), एका पदवीत ती एकदाच मिळते आणि तेव्हाही निम्मा भार ठेवावा लागतो. एच-४ वरच्या, म्हणजे आई-वडिलांच्या एच-१बीवर अवलंबून असलेल्या, मुलांनी हे वाचून सोडून देऊ नये. २१ वर्षं पूर्ण झाली की एच-४ संपतो, बहुतेक जण एफ-१ वर येतात आणि हाच नियम त्यांना लागतो. शिवाय बऱ्याच मेडिकल स्कूल्स, विशेषतः राज्य सरकारांच्या, फक्त नागरिक किंवा ग्रीन कार्डवाले घेतात. ही यादी सीच्या आधी पाहायची गोष्ट आहे.

ग्रेड मोजतात कशी

एमडीचे (अमेरिकेत हीच डॉक्टरकीची पहिली पदवी) बहुतेक अर्ज ॲमकॅस या एकत्रित अर्जव्यवस्थेतून जातात. ॲमकॅस तुमच्या कॉलेजचा जीपीए घेत नाही, स्वतः मोजतं. ए म्हणजे ४.०, ए मायनस ३.७, बी प्लस ३.३, बी ३.०, बी मायनस २.७, सी प्लस २.३, सी २.०. ए प्लसलाही ४.० च. मग दोन कप्पे पाडतात: बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स, मॅथ एका बाजूला आणि बाकी सगळं दुसरीकडे. पहिला कप्पा म्हणजे ‘सायन्स जीपीए’. स्टॅटिस्टिक्स त्यात येतं, सायकॉलॉजी आणि इंजिनीअरिंग सहसा नाही. शिवाय हे आकडे वर्षवार दिसतात, फ्रेशमन, सोफमोर असे. म्हणून वाचणाऱ्याला चढ दिसतो की उतार, हे एका नजरेत कळतं. पहिल्या वर्षी २.५ आणि तिसऱ्या वर्षी ३.८ हे एक चित्र. पहिल्या वर्षी ३.८ आणि तिसऱ्याला २.९ हे दुसरं. सरासरी जवळपास सारखी आली तरी दुसऱ्याला मुलाखतीत जास्त उत्तरं द्यावी लागतात.

डीओ ही डॉक्टरकीचीच दुसरी, ऑस्टिओपॅथिक पदवी. तिच्या अर्जांची व्यवस्था वेगळी, नाव ॲकोमास. तिथे पूर्वी पुन्हा केलेल्या कोर्सची जुनी ग्रेड गळायची. २०१७ पासून ते बंद झालं. अजूनही काही जण जुन्या माहितीवर विसंबून ‘डीओला रिपीट केलं की जुनं पुसतं’ सांगतात. नाही पुसत. टेक्सासची स्वतःची अर्जव्यवस्था, टीएमडीएसएएस, तर प्लस-मायनस धरतच नाही: बी प्लसलाही ३.०, पण बी मायनसलाही ३.०.

आता एक उदाहरण हातात घ्या. पहिल्या वर्षी चार-चार क्रेडिटचे चार कोर्स: जनरल केमिस्ट्री एकला सी, दोनला सी प्लस, बायॉलॉजीला बी मायनस, कॅल्क्युलसला बी. गुण ८, ९.२, १०.८ आणि १२. बेरीज ४०, क्रेडिट १६, सायन्स जीपीए २.५०. पुढच्या तीन वर्षांत सायन्सचे आणखी ३६ क्रेडिट सरासरी ३.८ ने केले तर १३६.८ ची भर पडून १७६.८ भागिले ५२, म्हणजे ३.४०. प्रत्येक कोर्सला ए मिळाला तरी ३.५४ च्या वर जात नाही. पदवीनंतर एक वर्ष थांबून २४ क्रेडिट ३.९ ने केले तर ३.५६. एक्सेलमध्ये हा तक्ता स्वतःच्या ग्रेडचा करून ठेवा. कुठवर पोचता येईल ते कळलं की रात्रीची निम्मी घालमेल थांबते.

तोच कोर्स पुन्हा करायचा का?

बहुतेक मुलांची पहिली धाव इथेच असते, आणि बऱ्याचदा ती चुकते. चार क्रेडिटचा सी पुन्हा करून ए आणला तर ॲमकॅस दोन्ही धरतं: आठ क्रेडिट, २४ गुण, सरासरी ३.०. त्याऐवजी सी तसाच ठेवून पुढच्या पातळीच्या कोर्सला, जेनेटिक्स किंवा फिजिऑलॉजीला, ए आणला तर? तेही आठ क्रेडिट, २४ गुण. आकडा तोच. पण दुसऱ्या वाटेने तुम्ही अवघड कोर्सात ए आणलेला असतो आणि एक सेमिस्टर वाचलेलं असतं. तुमच्या कॉलेजात ‘ग्रेड फर्गिव्हनेस’, म्हणजे रिपीट केल्यावर जुनी ग्रेड न धरण्याची सवलत, असेल तर कॉलेजच्या कागदावर आकडा सुधारतो, ॲमकॅसला त्याचं सोयरसुतक नाही.

पुन्हा करावं ते दोनच परिस्थितींत. सी मायनस किंवा त्याखाली आलं असेल तर करावंच लागतं. बहुतेक मेडिकल स्कूल्सना प्रत्येक सक्तीच्या कोर्सला किमान सी लागतो. दुसरं, सी आलाय पण पाया खरंच पोकळ आहे. जनरल केमिस्ट्रीतलं ॲसिड-बेस कळलेलं नाही आणि पुढे ऑरगॅनिक आहे, तर तिथे जाऊन आदळण्यापेक्षा मागे फिरलेलं बरं. आणि पुन्हा केलं तर ए आणायच्या तयारीनेच. दुसऱ्यांदा बी आला तर ती पहिल्या सीपेक्षा मोठी अडचण असते.

पेपर उकरून पाहा

इथे घाई करू नका. पुढच्या सगळ्या उपायांचा पाया हाच आहे.

मिडटर्मचा तपासलेला पेपर मिळवा. घरी देत नसतील तर प्राध्यापकाच्या ऑफिसात बसून पाहू देतात. सोबत कोरा कागद घ्या आणि गेलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे चारपैकी एक अक्षर लिहा. ‘मा’: मुळात माहीतच नव्हतं. ‘ओ’: माहीत होतं, पण प्रश्न कशाचा आहे ते ओळखता आलं नाही. ‘च’: रीत बरोबर, आकडेमोडीत, एककात किंवा चिन्हात चूक. ‘वे’: वेळ संपला. प्रत्येक अक्षरापुढे किती गुण गेले त्याची बेरीज करा.

एक प्रश्न जवळून पाहू. ‘०.१० मोलर ॲसेटिक ॲसिडच्या ५० मिलिलिटरमध्ये ०.१० मोलर सोडियम हायड्रॉक्साइडचे २५ मिलिलिटर मिसळले. पीएच किती?’ बरीच मुलं ‘वीक ॲसिड’ दिसताच पाठ असलेल्या रीतीने धावतात: केए १.८ गुणिले १० चा उणे पाचवा घात, गुणिले ०.१०, वर्गमूळ, उत्तर २.८७. आकडेमोड एकदम स्वच्छ आणि गुण शून्य. कारण बेस पडल्या पडल्या आधी ॲसिडशी प्रतिक्रिया करून संपतो. मिलिमोल मांडा: ॲसिड ५.०, बेस २.५. प्रतिक्रियेनंतर ॲसिड २.५ उरतं आणि ॲसिटेट २.५ तयार होतं. दोन्ही समान, म्हणून पीएच बरोबर पीकेए, ४.७४. कॅल्क्युलेटर जवळपास लागतच नाही.

ही ‘ओ’ची चूक. केए माहीत आहे, बफर माहीत आहे, सूत्र पाठ आहे. ‘आधी प्रतिक्रिया, मग समतोल’ हा पहिला प्रश्न स्वतःला विचारायची सवय नाही, एवढंच. आणि मजा अशी की असा विद्यार्थी घरी जाऊन पुन्हा धडा वाचतो, म्हणजे ‘मा’चं औषध ‘ओ’च्या दुखण्याला घेतो. तास वाढतात, ग्रेड तिथेच.

औषधं वेगवेगळी आहेत. ‘मा’ जास्त असेल तर वाचन आणि लेक्चरची शिस्त. ‘ओ’ जास्त असेल तर वेगवेगळ्या धड्यांचे प्रश्न मिसळून सोडवायचे. धड्याच्या शेवटचे प्रश्न ओळीने सोडवताना ते कशाचे हे आधीच माहीत असतं, ओळखायचं काम पुस्तकानेच करून टाकलेलं असतं. सहा धड्यांतून प्रत्येकी दोन प्रश्न काढा, क्रम उलटापालटा करा, आणि प्रत्येकाचं फक्त पहिलं पाऊल लिहा. १२ प्रश्न, २० मिनिटं. ‘च’ जास्त असेल तर प्रत्येक ओळीत एकक लिहायचं, उत्तर काढण्याआधी अंदाज बांधायचा: ॲसिडिक यायला हवं की बेसिक, मोठं की छोटं. ‘वे’ जास्त असेल तर घड्याळ लावून सराव, आणि पेपर हातात आल्यावर दोन फेऱ्या. पहिल्या फेरीत दोन मिनिटांत न सुटणारं सोडून पुढे.

बोर्डाच्या पद्धतीने शिकून आलेल्या मुलांच्या पेपरात, आणि ट्यूशनच्या जोरावर हायस्कूलमध्ये पहिले आलेल्यांच्याही, ‘ओ’ सहसा सगळ्यात मोठा निघतो.

आठवड्याचा अभ्यास

चार क्रेडिटच्या सायन्स कोर्सला वर्गाबाहेर आठवड्याला आठ ते बारा तास लागतात. नऊ तासांची एक वाटणी: लेक्चरच्या दिवशीच नोट्समधल्या गाळलेल्या जागा भरणं, मिळून एक तास. प्रश्न सोडवणं सहा तास, रोज थोडे थोडे. ऑफिस अवर्स, म्हणजे प्राध्यापक विद्यार्थ्यांना भेटायला ठेवतात ती वेळ, एक तास. आठवड्याच्या शेवटी पुस्तक मिटून, वेळ लावून एक छोटा पेपर, एक तास. रविवारी एकदम नऊ तास बसलं तर ते नऊ होत नाहीत, चार होतात.

उत्तराची वही शेजारी उघडी ठेवून सोडवणं हा सगळ्यात जुना रोग आहे. दोन ओळी लिहायच्या, अडलं की उत्तर बघायचं, ‘हां, हे येतं मला’ म्हणायचं, पुढे जायचं. डोळ्याला ओळखीचं वाटतं, हाताला येत नाही. नियम असा ठेवा: अडलात तर निदान दहा मिनिटं झगडायचं, मग उत्तर पाहायचं, वही मिटायची आणि तोच प्रश्न दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदावर. तेव्हा सुटला तर आला. पैसे घेऊन होमवर्कची उत्तरं देणाऱ्या वेबसाइट आणि एआय यांची गोष्ट त्याहून वाईट. होमवर्कला ९८ आणि मिडटर्मला ५२ अशी दरी दिसली की समजावं. आणि ग्रेडसाठीच्या कामात पकडले गेलात तर कॉलेजने केलेली कारवाई मेडिकलच्या अर्जात लिहावी लागते. सी समजावता येतो. ते समजावणं फार अवघड जातं.

विषयागणिक थोडं वेगळं.

ऑरगॅनिक पाठ करायचं नसतं, काढायचं असतं. रिएजंटची यादी पाठ केलेला विद्यार्थी पहिल्या मिडटर्मला निभावतो आणि दुसऱ्याला, जिथे प्रतिक्रियांचा ढीग झालेला असतो, बुडतो. रोज पाच मेकॅनिझम कोऱ्या कागदावर, बाण नीट: बाण इलेक्ट्रॉनांपासून निघतो, लोन पेअर किंवा बाँडपासून, आणि जिथे इलेक्ट्रॉन कमी तिथे जातो. प्लस चिन्हापासून बाण काढायची सवय सुटत नाही तोवर पुढचा धडा घेऊ नका.

फिजिक्समध्ये सूत्र शोधण्याआधी आकृती. कोणकोणती बलं लागतात, दिशा कोणती, धन कोणत्या बाजूला. आकृतीशिवाय लिहिलेलं पहिलं समीकरण चुकलंच म्हणून समजा. एक जाता जाता: बहुतेक मेडिकल स्कूल्सना बीजगणितावर चालणारं फिजिक्स पुरतं. मेजरला लागत नसेल तर उगाच कॅल्क्युलसवालं घेऊ नका.

बायॉलॉजीला पाठांतर लागतं, पण पेपर त्याचा नसतो. ‘हा जीन काढून टाकला तर ग्राफचं काय होईल?’ असा असतो. पुस्तकातली आकृती घ्या, खालचा मजकूर झाका आणि ती स्वतःच्या शब्दांत मोठ्याने सांगा. मराठीत सांगितलं तरी चालतं; अडखळलात तिथे कळलेलं नाही. आंकी या उजळणीच्या ॲपची कार्डं वापरत असाल तर दिवसाला १५ ते २० नवी, त्याहून जास्त नाही. २० नवी म्हणजे काही आठवड्यांत रोज दीडशे-दोनशे उजळणीला येतात. परीक्षेच्या आदल्या दिवशी कार्डं बनवत बसणं म्हणजे लग्नाच्या दिवशी पत्रिका छापणं.

कोणाकडे जायचं

ऑफिस अवर्सना जायला आपली मुलं बिचकतात. सरांना त्रास कशाला, किंवा आपण ढ दिसू. खरं तर ती वेळ त्यासाठीच ठेवलेली असते आणि बऱ्याचदा रिकामी जाते. मात्र ‘मला काही कळत नाही’ म्हणत जाऊ नका. सोडवायचा प्रयत्न केलेला प्रश्न न्या आणि म्हणा, ‘इथवर आलो, इथे असं का ते कळत नाही.’ दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून दर आठवड्याला गेलात तर पुढे शिफारसपत्र मागताना त्या प्राध्यापकाला तुम्ही आठवता. सी घेऊन वर आलेल्या विद्यार्थ्याचं पत्र कधीकधी सरळ ए आणणाऱ्यापेक्षा वजनदार होतं.

सप्लिमेंटल इन्स्ट्रक्शन नावाची सोय बऱ्याच कॉलेजांत फुकट असते. कॅन्सस सिटीच्या मिसूरी युनिव्हर्सिटीत १९७३ मध्ये ती सुरू झाली. जिथे खूप मुलं गळतात अशा कोर्ससाठी, आधी तो कोर्स चांगला केलेला विद्यार्थी आठवड्यातून दोन-तीनदा गट घेतो. नापासांची जागा असं समजून ती टाळू नका. ए वाले तिथे हटकून दिसतात.

आणि कधी दुखणं अभ्यासात नसतंच. चार तास झोप, एकटेपणा, लहानपणापासून न ओळखलेला एडीएचडी, घरी आजारपण. वाचायला बसल्यावर पान पुढे सरकतच नाही असं महिनाभर चाललं असेल तर कॅम्पसच्या काउन्सेलिंग सेंटरला आणि डॉक्टरला भेटा. निदान झालं तर डिसॅबिलिटी ऑफिसकडून परीक्षेला जास्तीचा वेळ मिळू शकतो. पण तो अर्ज केल्यापासून पुढे लागू होतो, मागच्या पेपराला नाही.

पुढचं सेमिस्टर हलकं ठेवा

ऑरगॅनिक, फिजिक्स आणि बायॉलॉजी एकाच टर्मला, तिन्ही लॅबसह, असं कोणी प्लॅन करून दिलं असेल तर मोडा. घसरल्यानंतरच्या पहिल्या टर्मला लॅबवाले सायन्स दोनच, बाकी सोपे, एकूण १२ ते १४ क्रेडिट. दोन्हीत ए आणा. त्यानंतरच भार वाढवा. संशोधन, क्लब, ढोल-ताशा पथक, सगळं मिळून आठवड्याला तीन-चार तास. हॉस्पिटलमधलं व्हॉलंटिअरिंग पूर्ण सोडू नका, पण सहा ठिकाणी नावनोंदणीही नको.

एपी केमिस्ट्रीला (हायस्कूलमधला कॉलेजच्या पातळीचा कोर्स) ५ पैकी ५ मिळाले म्हणून जनरल केमिस्ट्री गाळून थेट ऑरगॅनिकला बसलेली मुलं घसरणाऱ्यांत पुष्कळ असतात. हायस्कूलचं ज्ञान दोन वर्षं जुनं झालेलं असतं आणि लॅबची सवय नसते. शिवाय काही मेडिकल स्कूल्स एपीचे क्रेडिट मानत नाहीत, किंवा त्याबदल्यात वरच्या पातळीचा कोर्स मागतात. शंका असेल तर गाळू नका.

आई-वडिलांसाठी

मूल कॉलेजात गेलं की १९७४ च्या फर्पा कायद्यामुळे त्याच्या ग्रेडवरचा हक्क त्याचा होतो. रजिस्ट्रारला फोन केलात तर सहसा काही सांगणार नाहीत. म्हणजे तुम्हाला कळेल ते मुलाने सांगितलं तरच, आणि पहिल्या ५४ ला जो तमाशा होईल त्यावर दुसरा ५४ तुम्हाला कळणार की नाही ते ठरतं. मार्क विचारण्याऐवजी ‘विथड्रॉवलची तारीख कधी आहे?’ विचारा.

‘इथे जमत नसेल तर भारतात पाठवू’ हा पर्याय मंडळाच्या गणपतीत हटकून निघतो. एनआरआय कोट्यालाही नीट लागते, आणि एनसीईआरटीच्या चौकटीतला तो पेपर अमेरिकेत शिकलेल्या मुलाला सोपा अजिबात नाही. परत येऊन अमेरिकेत प्रॅक्टिस करायची तर यूएसएमएलई ही लायसन्सची परीक्षा आणि रेसिडेन्सीची, म्हणजे पदवीनंतरच्या हॉस्पिटल प्रशिक्षणाची, स्पर्धा परदेशी पदवीधर म्हणून. वाट खरी आहे, पण सायन्स जड जातंय म्हणून घ्यायची पळवाट ती नव्हे.

अर्ज कधी करायचा

एमडीला प्रवेश मिळालेल्यांचा सरासरी जीपीए अलीकडे ३.७५ च्या वर आहे आणि एमकॅट ५११-५१२ च्या आसपास. डीओला जीपीए ३.६ आणि एमकॅट ५०४ च्या जवळपास. ही सरासरी आहे, खालची मर्यादा नव्हे. वरच्या उदाहरणातला ३.४० वाला चढत्या ग्रेड आणि चांगल्या एमकॅटवर डीओला आणि स्वतःच्या राज्यातल्या एमडीला अर्ज करू शकतो. पण त्याने तिसऱ्या वर्षाच्या शेवटी, सुधारणेची दोनच सेमिस्टर दाखवून अर्ज करू नये. ॲमकॅस मे महिन्याच्या सुरुवातीला उघडतं आणि मेअखेरीपासून अर्ज घेतं. त्या मेपर्यंतच्या ग्रेडच त्यात दिसतात. चौथं वर्ष पूर्ण करून, त्याच्या ग्रेडसह अर्ज केला तर मध्ये एक वर्ष जातं. जाऊ द्या. आता मेडिकलला येणाऱ्यांत गॅप घेतलेलेच जास्त आहेत.

चार वर्षांनंतरही सायन्स ३.३ च्या खाली असेल तर जवळच्या राज्य युनिव्हर्सिटीत पोस्ट-बॅक, म्हणजे पदवीनंतरचा विद्यार्थी, म्हणून २० ते ३० क्रेडिट वरच्या पातळीचं सायन्स करा. ते अंडरग्रॅज्युएट जीपीएतच मिळतं. स्पेशल मास्टर्सच्या ग्रेड मात्र वेगळ्या कप्प्यात जातात, जुना आकडा हलवत नाहीत. त्यात मेडिकलच्या पहिल्या वर्षासारखे कोर्स असतात, खर्चही मोठा. तिथे बी पडले तर पुढची वाट जवळपास बंद होते, म्हणून ते शेवटचं पान.

एमकॅटने सायन्स जीपीए झाकता येत नाही, पण ‘विषय आता येतो’ याचा पुरावा मिळतो. गुण ४७२ ते ५२८ मध्ये. वर्षात तीनदा, लागोपाठच्या दोन वर्षांत चारदा, आयुष्यात सातदाच बसता येतं, आणि झालेले सगळे प्रयत्न कॉलेजांना दिसतात. म्हणून ‘अंदाज घ्यायला’ बसू नका. बायोकेमिस्ट्रीचा कोर्स झाल्यावर तीनेक महिने द्या. एमकॅट घेणाऱ्या एएएमसी या संस्थेचे सराव पेपर खऱ्या वेळेत, विश्रांतीसकट साडेसात तासांत सोडवा. शेवटच्या तिन्हींत हवा तो आकडा दिसला तर जा. नाही दिसला तर तारीख पुढे ढकला. मुदतीच्या आत ढकलली तर तारीख बदलायची वेगळी फी पडते, एवढंच.

अर्जात त्या पहिल्या वर्षाबद्दल लिहायचं झालं तर दोन-तीन वाक्यं पुरतात: काय चुकत होतं, काय बदललं, त्यानंतरच्या ग्रेड काय. प्राध्यापक कडक होता, टीएचं (शिकवायला मदत करणाऱ्या विद्यार्थ्याचं) इंग्रजी कळत नव्हतं, हे लिहू नका. पर्सनल स्टेटमेंट तर त्यावर मुळीच खर्च करू नका. बऱ्याच मेडिकल स्कूल्सच्या सेकंडरी अर्जात, म्हणजे मुख्य अर्जानंतर त्या स्वतः मागवतात त्यात, त्यासाठी वेगळा प्रश्न असतोच.